मथुरामावशींची संमती

आमच्या घरमालकीण मथुरामावशी कुणालाही नाही म्हणू शकत नाहीत, हे वारज्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. वर्गणीवाले पहिली पावती त्यांच्याकडे फाडत. साड्या विकणारी बाई त्यांच्याच ओट्यावर गठुडं सोडे. अगदीच नको असलं तर मावशी 'बघू की' म्हणत, आणि 'बघू की' म्हणजे नकार हे उमजायला आम्हाला वर्ष गेलं. मी वाशीमकडचा. आमच्याकडे नकार तोंडावर देतात आणि पुण्यात तो दारावर पाटी लावून देतात. मावशींचं वारजे पुण्यात गेलं, सासरच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या यजमानांनी, गेनबा पाटलांनी, तीन मजली घर बांधून वरचे मजले भाड्याने दिले, पण बाईंची भीड काही सुटली नाही. भीड ही भिकेची बहीण, असं मी त्यांना एकदा म्हणालोही. "आसंल की," म्हणाल्या, आणि वाटीभर शिकरण हातात दिली.

माझी बायको द्वारका, तीही वाशीमचीच, जवळच्याच एका हॉस्पिटलात नर्स. मी हिंजवडीला एका कंपनीत, ऑफिसच्या वेळेवर. ती हॉस्पिटलच्या वेळेवर, बहुधा रात्रपाळीला. मी घरी यायचो तेव्हा ती पायात चपला सरकवत असायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि एकमेकांशी सलग बोलणं फक्त फोनवर व्हायचं. म्हणून त्या वर्षी द्वारकाने क्लिनिकल रिसर्चचा पदव्युत्तर डिप्लोमा घेतला. नवीन औषधं बाजारात येण्याआधी माणसांवर तपासतात, त्या तपासण्या, म्हणजे ट्रायल, कशा चालवायच्या याचं शिक्षण. सगळं ऑनलाइन, नोकरी करणाऱ्या डॉक्टर-नर्स-फार्मासिस्ट मंडळींसाठी. हॉस्पिटलात अशा तपासण्यांचा नवा विभाग निघत होता आणि तिथे कोऑर्डिनेटरची जागा होती. दिवसाची ड्युटी, रविवारी सुट्टी. विभागाचे प्रमुख डॉ. आनंद तिला म्हणाले होते, "डिप्लोमा पूर्ण करा, पहिली ट्रायल नीट पार पाडा, जागा तुमची." आमच्या दोघांच्या डोळ्यांपुढे तेव्हा एवढी एकच गोष्ट होती. रोज संध्याकाळी एका ताटाशेजारी दुसरं ताट.

वर्ग रविवारी सकाळी. आमच्या खोलीत डोंगलला रेंज येत नसे, म्हणून द्वारका लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसायची. गच्चीवर मावशींच्या कुरडया वाळत असत आणि कुरडयांची राखण करायला मावशी. मी छत्री धरायला, म्हणजे स्क्रीनवर ऊन येऊ नये म्हणून. शिकवायच्या त्या पूर्णिमा मॅडम. त्यांनी सदाशिव पेठेबाहेर कधी पाऊल टाकलं असेल असं आवाजावरून वाटत नसे. "आपल्याला समजलं का, हे मी विचारत नाही," त्या म्हणायच्या, "हो म्हणायला अक्कल लागत नाही. काय समजलं ते सांगा." नागपूरचा फार्मासिस्ट, मिरजेच्या डेंटिस्ट बाई, सगळे चिडीचूप. इंग्रजीतून शिकवता शिकवता राग आला की मॅडम मराठीवर येत, आणि तेवढं मावशींना कळे. "बाई खट हाय, पन खोटी न्हाई," असं मावशींचं मत.

मग आला संमतीचा धडा. पेशंटला ट्रायलमध्ये घेण्याआधी त्याला सगळं समजावून सांगायचं, त्याच्या भाषेत, आणि तो मनापासून हो म्हणाला तरच सही घ्यायची. घरच्या कुणालाही पेशंट करून सराव करा, असा गृहपाठ होता. माझ्यावर तिने एकदा सराव केला. मी मध्येच हसलो म्हणून माझी हकालपट्टी झाली. मग मावशी पेशंट झाल्या.

आठवडाभर गच्चीवर ते नाटक चाललं. द्वारका विचारायची, "मावशी, ह्या औषधाने तुमचा फायदा होईलच का?"

"व्हईल न्हाईतर न्हाई बी व्हनार."

"तोटा?"

"हू शकतो. चक्कर, मळमळ. झाली तर फोन करायचा."

"तुम्ही नाही म्हणालात तर तुमच्या नेहमीच्या उपचारात फरक पडेल?"

"न्हाई."

"मध्येच सोडावंसं वाटलं तर?"

"कवाबी सोडायचं. कारन सांगायची गरज न्हाई."

"मग, भाग घेणार?"

"घेनार की! तू सांगतीस म्हंजी घेनारच."

"तसं नाही म्हणायचं, मावशी. 'विचार करून घेते' म्हणायचं."

"इचार करून घेते," मावशी म्हणायच्या आणि कुरडईवरची मुंगी उडवायच्या. शेवटी शेवटी तर द्वारका प्रश्न चुकली तर त्याच पुढचा सांगायच्या. गृहपाठाला पूर्णिमा मॅडमनी चांगले मार्क दिले, आणि खाली लिहिलं, 'पेशंट फार हुशार आहे. खऱ्या पेशंटकडून ही अपेक्षा ठेवू नये.'

पुढे खरी ट्रायल आली. मधुमेहाची नवी गोळी. निम्म्या लोकांना खरी द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली, आणि कुणाला कुठली हे डॉक्टरांनाही ठाऊक नसायचं. मावशींना साखर होतीच, त्या त्याच हॉस्पिटलात औषध घेत. यादीत त्यांचं नाव बघून डॉ. आनंद म्हणाले, "या तुमच्या घरमालकीण ना? यांच्यापासूनच सुरुवात करू." द्वारका हरखली. त्या दिवशी मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून हॉस्पिटलात गेल्या. संमती घेताना कॅमेरा लावायचा नियम तेव्हा नवा होता, त्यामुळे समोर कॅमेरा, शेजारी डॉ. आनंद आणि मध्ये घाम पुसत बसलेली माझी बायको. मावशींनी एकही उत्तर चुकवलं नाही. डॉ. आनंद घरी जाताना म्हणाले, इतकी सुंदर संमती त्यांनी अजून पाहिली नव्हती. द्वारका मंडईपर्यंत जाऊन पेढे घेऊन आली आणि पहिला पेढा मावशींच्या तोंडात घातला.

त्यानंतरचे काही महिने सुरळीत गेले. बाकीचे पेशंट तारखा चुकवायचे, गोळ्या हरवायचे, रिकाम्या पट्ट्या आणायला विसरायचे. वापरलेली पट्टी परत आणून दाखवायची हा ट्रायलचा नियम. मावशींच्या पट्ट्या मात्र स्वच्छ पुसून, रबर लावून, वेळेवर हजर. द्वारका त्यांचं नाव घेतल्याशिवाय जेवत नसे. औषध कंपनीकडून तपासायला माणूस येणार होता आणि त्याला सगळ्यात आधी मावशींचीच फाइल दाखवायची, असं ठरलं होतं. तो गेला की जागेचं पत्र.

याच महिन्यांत मावशींचा धाकटा भाऊ धोंडिबा लोणी काळभोरहून दोन-तीनदा येऊन गेला. येताना गुळाची ढेप, पेरू, कधी उसाची कांडकी. जाताना एकच विषय. सोलापूर रस्त्याला लागून त्यांच्या वडिलांची जमीन होती आणि त्यात मावशींचा वाटा निघत होता. त्यावर मावशींनी हक्कसोडपत्र लिहून द्यायचं होतं. आमच्याकडे काय नि इकडे काय, बहिणीने हक्क सोडायचा आणि भावाने माहेरचं दार उघडं ठेवायचं, ही रीत. कुणी त्याला सौदा म्हणत नाही. "करू की," मावशी म्हणायच्या आणि धोंडिबाला कळायचं की अजून एक फेरी मारावी लागणार. पण त्यालाही घाई नव्हती. बहीण शेवटी नाही म्हणणार नाही, हे त्याला माहीत होतं.

कंपनीचा माणूस यायच्या आदल्या आठवड्यात मावशींनी मला खाली बोलावलं. "जावई, माळ्यावरचा कुरडयांचा डबा काढून द्या जरा." द्वारका त्यांची मानलेली लेक, म्हणून मी जावई. स्टुलावर चढलो, हाताला लागला तो पत्र्याचा डबा ओढला. तो खुळखुळला. कुरडया खुळखुळत नाहीत. झाकण उघडून पाहिलं तर आत निळ्या गोळ्या. अर्धा डबा भरून. त्या गोळ्यांचं चित्र आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

मी स्टुलावरच उभा राहिलो. मावशी खालून वर बघत होत्या.

"त्यो न्हवं," त्या म्हणाल्या. "त्याच्या मागचा."

"मावशी, ह्या गोळ्या खाल्ल्या नाहीत तुम्ही?"

"माझ्या रोजच्या खाते की. त्या बंद न्हाई केल्या."

"आणि ह्या?"

मावशी जमिनीवर बसल्या, पदर सारखा केला. मग जे सांगितलं ते ऐकून हसावं की रडावं ते मला कळेना. हॉस्पिटलात त्या दिवशी जे झालं, ती द्वारकाची परीक्षा आहे असं त्या समजल्या होत्या. गच्चीवर इतके दिवस जे पाठ करून घेतलं तेच तिथे विचारलं. समोर कॅमेरा, शेजारी मोठा डॉक्टर मार्क द्यायला, पोरीला दरदरून घाम. "म्या म्हटलं, आता आपन चुकलो तर हिचं वरीस जाईल. म्हनून धडाधडा सांगितलं. शेवटी गोळ्या हातात दिल्या तवा माझ्या ध्येनात आलं, ह्ये खरं हाय. पन तवर सही झालती. सांजच्याला पोरगी पेढं घिऊन आली. पेढा खाल्ल्यावं न्हाई कसं म्हनायचं, तुमीच सांगा."

"पण गोळ्या का नाही घेतल्या?"

"भ्या वाटलं. नवी गोळी, कुनी खाल्ली न्हाई अजून. आन टाकायला जीव हुईना, औशिद हाय त्ये. मंग ठिवल्या डब्यात. पट्ट्या मागायची त्या दिल्या. तिचं मार्क जाया नगं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "द्वारकाला सांगू नगा. आठ दिसांत तिची जागा पक्की हुतीया."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. खरं सांगतो, माझा पहिला विचार गप्प बसण्याचाच होता. कुणाचं नुकसान झालं नव्हतं. बाई आपली नेहमीची औषधं घेत होती, ठणठणीत होती. डबा कालव्यात रिकामा केला असता तर गोष्ट संपली असती आणि पुढच्या महिन्यापासून माझी बायको संध्याकाळी घरी आली असती. मी डबा परत माळ्यावर ठेवला आणि वर गेलो. दोन दिवस द्वारका समोर आली की मी टीव्हीकडे बघायचो.

मग रविवार आला. मी छत्री धरून उभा. पूर्णिमा मॅडम परीक्षेपूर्वीची उजळणी घेत होत्या. नागपूरच्या फार्मासिस्टाने विचारलं की ओळखीच्या माणसाची संमती घेतलेली चालते का. मॅडम मराठीवर आल्या.

"जो माणूस आपल्याला नाही म्हणू शकत नाही, त्याच्या होकाराला काय किंमत? आणि त्याच्यावरून ज्यांचं औषध पुढे ठरणार, त्या हजारो पेशंटांचं काय? त्यांच्या पोटात आपली ओळख जाणार आहे का?"

द्वारकाने मान खाली घालून ते लिहून घेतलं. पलीकडे मावशी कुरडया उलटत होत्या, त्यांचा हात थांबला. माझ्या हातातली छत्री कलली आणि स्क्रीनवर ऊन आलं. "अहो, लक्ष कुठे आहे?" द्वारका म्हणाली. वर्ग संपल्यावर मी तिला तिथेच सगळं सांगितलं. मावशी ऐकत होत्या. लपवाछपवी पुरे झाली होती.

द्वारका चिडली की वाशीमची होते. "काहून सांगितलं नाही मला? दोन दिवस काहून गप होता तुम्ही?" हे मला. मग मावशींकडे वळली. मावशीच म्हणाल्या, "मला बोल, त्येला नगं बोलू." तेव्हा ती त्यांच्या शेजारी चटईवर बसली आणि रडली. जागेसाठी रडत होती की मावशी महिनोन्महिने एकट्याच घाबरत होत्या म्हणून, हे मी विचारलं नाही. मला वाटतं दोन्हीसाठी.

सोमवारी ती डबा घेऊन डॉ. आनंदांकडे गेली. डॉक्टर ओरडले नाहीत. "मीच म्हणालो होतो यांच्यापासून सुरुवात करू," एवढंच ते बोलले. मग वर कळवणं, ट्रायलवर देखरेख करणाऱ्या समितीची बैठक, खुलासे, सगळं यथासांग झालं. सगळ्या पेशंटांना पुन्हा एकदा विचारायचं ठरलं, आणि विचारणारी व्यक्ती द्वारका नसावी, असंही. कोऑर्डिनेटरची जागा 'तूर्त' थांबवली. तूर्त म्हणजे किती, हे पुण्यात कुणी सांगत नाही. द्वारकाची रात्रपाळी चालूच राहिली आणि आमच्या घरात एका वेळी एकच ताट.

मावशींना विचारायच्या दिवशी मीच त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. विचारणारी हेमा नावाची नवी नर्स होती, मावशींना कधी न भेटलेली. तिने सगळं पहिल्यापासून समजावलं आणि विचारलं, "तर मावशी, ट्रायलमध्ये राहायचंय?"

मावशींनी दाराकडे पाहिलं. द्वारका तिथे नव्हती. माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

"बघू की," मावशी म्हणाल्या.

"बघू की नाही, मावशी," हेमा म्हणाली. "हो की नाही, तेवढं सांगा. कुणी रागावणार नाही." आणि ती थांबली. हातातलं पेन टेबलावर ठेवून ती नुसती थांबली. बाहेर स्ट्रेचर गेलं, कुणीतरी कुणाला हाक मारली, तरी ती थांबलेलीच. मावशींसाठी कुणी इतकं थांबलेलं मी पाहिलं नव्हतं.

"न्हाई," मावशी म्हणाल्या. मग जरा मोठ्याने, "न्हाई ऱ्हायचं मला."

"बरं," हेमा म्हणाली आणि पाणी दिलं. परत येताना मावशी स्कूटरवर मागे बसून एकदाच बोलल्या. "येवढंच आसतंय व्हय?"

डिप्लोमाच्या प्रकल्पात द्वारकाने हीच हकिकत लिहिली, स्वतःची चूक धरून. पूर्णिमा मॅडमनी शेरा दिला, 'पास. कौतुक करणार नाही, आपण फक्त जे करायला हवं ते केलंत.' द्वारकाने तो कागद फ्रिजवर गोळ्यांच्या चित्राच्या जागी लावला. मला तर त्या शेऱ्याचा अजून राग येतो.

दिवाळी तोंडावर आली तसा धोंडिबा आला. ह्या वेळी पेरूंबरोबर वकिलाने तयार केलेले कागदही. दुसऱ्या दिवशी नोंदणी कचेरीत जायचं, गाडी सांगून ठेवलीय, म्हणाला. द्वारकाची त्या दिवशी सुट्टी होती. मावशींनी आम्हा दोघांना खाली बोलावलं. मला वाटलं साक्षीदार म्हणून सह्या करायला. आम्ही दाराशी सतरंजीवर बसलो. मावशी भावासमोर मांडी घालून बसल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून.

"धोंडिबा," त्या म्हणाल्या, "ह्यात माझा फायदा काय?"

धोंडिबा हसला. "फायदा कसला आक्का? घरचंच हाय."

"बरं. तोटा काय?"

तो हसायचा थांबला. त्याने आमच्याकडे पाहिलं, जणू हे आम्हीच पढवलंय. आम्ही काही पढवलं नव्हतं. द्वारकाने माझा हात घट्ट धरला होता.

"मागनं वाटलं तर सही मागं घेता येतीया का?"

"न्हाई. एकदा केली म्हंजी केली."

"आन मी न्हाई म्हटलं," मावशी म्हणाल्या, आणि इथे त्यांचा आवाज फुटला, पण त्या थांबल्या नाहीत, "मी न्हाई म्हटलं, तर तू भाऊबीजेला येशील का?"

चुलीवर, म्हणजे गॅसवर, चहा उतू जायच्या बेतात होता. धोंडिबाने कागद गुडघ्यावर घेतले, त्यांची कड सारखी केली, पुन्हा खाली ठेवले. त्याचे कान लाल झाले होते.

"येईन की," तो म्हणाला.

"येईन की न्हाई," मावशी म्हणाल्या. "हो का न्हाई, तेवढं सांग. मी रागावनार न्हाई."

आणि त्या थांबल्या. हात मांडीवर ठेवून, भावाच्या तोंडाकडे बघत नुसत्या थांबल्या. चहा उतू गेला, गॅस विझल्याचा वास आला, द्वारकाने उठून बटण बंद केलं. मावशी हलल्या नाहीत.

"हो," धोंडिबा म्हणाला. खाली बघूनच म्हणाला, पण म्हणाला. "येईन."

"मंग कागुद घिऊन जा," मावशी म्हणाल्या. "आन पाट तुझा त्योच ठिवते, खिडकीजवळचा."